'कँडिड' कधी म्हणायचं? एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ, मूळ आणि वापर

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'कँडिड' काढला की समोर 'स्पष्ट', 'प्रामाणिक', 'निष्कपट' असे तीन-चार अर्थ मिळतात. ते चुकीचे नाहीत. अडचण एवढीच की हेच अर्थ 'फ्रँक'पुढेही असतात, 'ऑनेस्ट'पुढेही आणि 'ओपन'पुढेही. त्यामुळे वाचताना शब्द कळल्यासारखा वाटतो, पण स्वतःच्या ईमेलमध्ये किंवा मुलाखतीत वापरायची वेळ आली की हात आखडतो. हा लेख त्या हात आखडण्यावर आहे. शब्द ओळखायचा कसा, बसवायचा कुठे आणि टाळायचा कधी, हे एकेक करून पाहू.

आधी उच्चार आणि रूपं

उच्चार 'कँडिड'. जोर पहिल्या अक्षरावर, आणि 'डि'तला इकार ऱ्हस्व म्हणता येईल इतका आखूड. हा इकार लांबवून 'कँडीड' म्हटलं तर तो वेगळाच शब्द होतो: साखरेत मुरवलेला, पाकवलेला. त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. तो 'कँडी'वरून आला, आणि 'कँडी' फारसी-अरबी वाटेनं संस्कृत 'खण्ड'पर्यंत जातो. आपल्या खडीसाखरेच्या घराण्यातला शब्द आहे तो.

विशेषण 'कँडिड', क्रियाविशेषण 'कँडिडली', नाम 'कँडर'. या नामाचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीत शेवटी 'ओ-यू-आर' आणि अमेरिकी पद्धतीत 'ओ-आर' असं होतं. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. 'कँडिडनेस' हेही नाम आहे आणि ते चूक नाही, पण सराईत लिहिणारे बहुतेक वेळा 'कँडर'च लिहितात. तुलनेसाठी 'मोअर कँडिड', 'मोस्ट कँडिड'.

अर्थ पकडायचा कसा

मला मराठीत याची सगळ्यात नेमकी व्याख्या एका वाक्प्रचारात सापडते: हातचं न राखता. जी गोष्ट राखून ठेवता आली असती, ती न राखता सांगणारा तो कँडिड. यातला 'ठेवता आली असती' हा भाग सोडला की शब्द निसटतो.

एक प्रसंग घेऊ. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, "मागची नोकरी का सोडलीत?" एकानं सांगितलं, "मला नवीन काही शिकायचं होतं." समजा हे शंभर टक्के खरं आहे. हे उत्तर 'ऑनेस्ट' झालं. दुसऱ्यानं सांगितलं, "नवीन शिकायचं होतंच, पण वरिष्ठांशी माझं पटत नव्हतं आणि त्यात थोडी चूक माझीही होती." हे उत्तर 'कँडिड' आहे. दोघंही खरं बोलले. दुसऱ्यानं मात्र जे झाकून पुढे जाता आलं असतं, ते उघड्यावर ठेवलं, आणि त्याची झळ बसलीच तर त्यालाच बसणार होती.

म्हणून शब्द लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट लपवता आली असती का? सांगणाऱ्याला ती सांगताना थोडा तरी संकोच, थोडा तरी धोका होता का? आणि समोरच्याला टोचण्याचा हेतू नव्हता ना? पहिल्या दोनला 'हो' आणि तिसऱ्याला 'नव्हता' असं उत्तर आलं की 'कँडिड' निःशंक लिहा. किती वाजले हे बरोबर सांगणाऱ्याला कोणी कँडिड म्हणत नाही, कारण तिथे राखण्यासारखं काही नाहीच. त्याच कारणानं कंपनीला भरघोस नफा झाला हे मोठ्यानं सांगणारा संचालक कँडिड नव्हे. तोटा का झाला हे न विचारता सांगणारा संचालक कँडिड.

दुसऱ्या प्रश्नाला एक अपवाद लक्षात ठेवा. डॉक्टर रुग्णाला शस्त्रक्रियेतले धोके स्वच्छ सांगतात तेव्हा 'द डॉक्टर वॉज कँडिड अबाउट द रिस्क्स' हे वाक्य अगदी बरोबर आहे. इथे झळ डॉक्टरांना नाही. पण सौम्य शब्दांत गुंडाळून वेळ मारून नेता आली असती, ती त्यांनी नेली नाही. राखता येणं, आणि तरी न राखणं, हे कायम.

मूळ: पांढरा, पण लखलखीत

लॅटिनमध्ये पांढऱ्याला दोन शब्द होते. 'आल्बुस' म्हणजे साधा, निस्तेज पांढरा, आणि 'कांदिदुस' म्हणजे चकाकणारा पांढरा. पहिल्यापासून 'अल्बम' आला. रोममध्ये सार्वजनिक सूचना लिहायच्या पांढऱ्या फळीला ते नाव होतं. दुसऱ्यापासून 'कँडिड'. कँडिड फोटोंचा अल्बम म्हणतो तेव्हा रोमन लोकांचे दोन्ही पांढरे रंग आपण एका दमात उच्चारतो.

'कांदिदुस'च्या मागे 'कांदेरे' हे क्रियापद आहे: चकाकणं, तापून उजळणं. मेणबत्तीसाठीचा 'कँडल', फ्रेंचमधून आलेला 'शँडेलिअर', तापलेल्या तारेच्या दिव्याचं 'इन्कँडेसंट' हे विशेषण, आणि प्रकाशाची तीव्रता मोजायचं 'कँडेला' हे एकक, हे सगळं एकच कुटुंब. कँडेला तर आंतरराष्ट्रीय पद्धतीतल्या सात मूलभूत एककांपैकी एक आहे. संसर्ग करणाऱ्या 'कँडिडा' या बुरशीलाही नाव तिच्या पांढरेपणावरून मिळालं. तिच्या सर्वांत परिचित जातीचं शास्त्रीय नाव 'कँडिडा आल्बिकन्स', म्हणजे तिथे पांढरा दोनदा आला.

'कँडिडेट' याच घरातला, आणि त्याची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूनं घासून झगझगीत पांढरा करायचा आणि लोकांत फिरायचा. त्या वस्त्राला 'टोगा कांदिदा' आणि ते घालणाऱ्याला 'कांदिदातुस' म्हणत. हे प्रदर्शन इतकं वाढलं की लिव्ही या इतिहासकारानं नोंदवल्याप्रमाणे इसवी सनपूर्व 432 मध्ये उमेदवारीसाठी कपडे पांढरे करायलाच कायद्यानं मनाई केली गेली. मनाई टिकली नाही. पुढे इसवी सनपूर्व 64 मध्ये सिसेरो या रोमन वक्त्यानं प्रतिस्पर्ध्यांवर केलेलं भाषण 'टोगा कांदिदा'च्याच नावानं ओळखलं जातं. लक्षात घ्यायचं ते हे: 'कँडिडेट' कपड्याच्या पांढऱ्या रंगावरून आला, मनाच्या मोकळेपणावरून नव्हे. दोन्ही शब्दांची आजी एक, पण दोघांचे संसार वेगळे.

आता आपल्या बाजूला या. भाषाशास्त्रज्ञ 'कांदेरे' आणि संस्कृत 'चन्द्र' यांना एकाच इंडो-युरोपीय धातूची, म्हणजे मूळ शब्दरूपाची, लेकरं मानतात. 'चन्द्र'चा आधीचा अर्थ 'चकाकणारा'. आकाशातला चंद्र हा त्यातून आलेला. त्याचं जुनं रूप 'श्चन्द्र' असं होतं आणि वैदिक सामासिक शब्दांत ते टिकून आहे. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे 'हरिश्चंद्र'. 'हरि' आणि 'चंद्र' जोडले तर 'हरिचंद्र' व्हायला हवं; मधला 'श्' आला कुठून? पाणिनीनं या नावासाठी वेगळं सूत्र दिलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ त्या 'श्'मध्ये धातूच्या मूळच्या 'स्'ची खूण पाहतात. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं नाव आणि 'कँडिड' हे विशेषण असे दूरचे भाऊबंद निघतात, याचं मला फार अप्रूप आहे. मात्र यातून 'कँडिड' संस्कृतमधून आला असं कुठे लिहू नका. दोन्ही शब्द एका पूर्वजाचे वंशज आहेत. कोणी कोणाकडून घेतलेला नाही. आणि खरेपणाचा अर्थ दोन्हीकडे नंतर आला, धातूत होता तो फक्त प्रकाश.

अर्थ कसा सरकला, आणि जुनं इंग्रजी वाचताना काय करायचं

इंग्रजीत 'कँडिड' सतराव्या शतकात आला तेव्हा त्याचा एक अर्थ शब्दशः 'पांढरा' होता. तो फार टिकला नाही. शुभ्र म्हणजे निष्कलंक, निष्कलंक म्हणजे मनात किल्मिष नसलेला, अशी वाट पुढे पडली. मग मनात किल्मिष नसलेला माणूस काय करतो? तो निःपक्षपातीपणे ऐकतो आणि दुसऱ्याचे दोष शोधत बसत नाही. अठराव्या शतकात 'कँडिड'चा हा अर्थ जोरात होता, आणि आजच्या वाचकाला तोच चकवतो.

1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्धची गाऱ्हाणी मांडण्याआधी म्हटलंय की ही वस्तुस्थिती 'कँडिड वर्ल्ड'पुढे ठेवतो. तिथे 'मोकळेपणानं बोलणारं जग' असा अर्थ लावला तर वाक्य कोलमडतं. अर्थ आहे 'निःपक्षपाती जग'. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात 'कँडर'च्या अर्थांत स्वभावातला गोडवा आणि दयाळूपणा दिलेले आहेत. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत एलिझाबेथ आपल्या बहिणीला, जेनला, 'कँडिड' म्हणते, आणि लगेच त्याचा खुलासाही करते: प्रत्येकाच्या स्वभावातलं चांगलं तेवढं घ्यायचं, ते आणखी चांगलं करून सांगायचं आणि वाईटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आजच्या अर्थाच्या हे बरोबर उलट आहे! आज जो वाईटही सांगतो तो कँडिड, आणि तेव्हा जो वाईट सांगत नाही तो.

हा पालट एका दिवसात झाला नाही. जॉर्ज कॅनिंग हा राजकारणी, जो पुढे ब्रिटनचा पंतप्रधानही झाला, त्यानं 1798 मध्ये एका कवितेत देवाकडे मागणं मागितलं की मला 'कँडिड फ्रेंड'पासून वाचव. म्हणजे मनमोकळेपणाच्या नावाखाली तुमचे दोष तुम्हाला ऐकवणारा मित्र तोपर्यंत ओळखीचा झाला होता. 1800 च्या आसपास हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदत होते. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा मजकूर वाचताना 'कँडिड' दिसला की आधी 'निःपक्ष' आणि 'दोष न काढणारा' हे अर्थ लावून पाहा. बसले नाहीत तरच आजच्या अर्थाकडे या.

फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये तर शब्द तिसरीकडेच वळला. तिथे त्याची रूपं 'भोळा', 'निरागस' अशा अर्थानं वापरतात. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरनं 1759 मध्ये आपल्या भाबड्या नायकाचं नाव 'कांदीद' ठेवलं ते यामुळे. फ्रेंच शिकणाऱ्यांनी हा सापळा लक्षात ठेवावा.

शेजारी शब्द, आणि कोणाला कुठे बसवायचं

सगळ्यांत जास्त गोंधळ 'फ्रँक'शी होतो. 'फ्रँक' हे मुळात एका जर्मानिक टोळीचं नाव. या फ्रँकांनी गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकलं, तिथे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना आणि त्यांच्या आश्रयाखालच्यांनाच होतं, म्हणून नावाचा अर्थ 'स्वतंत्र' झाला आणि मग 'बोलण्यात स्वतंत्र'. अरबी-फारसीतून हेच नाव आपल्याकडे 'फिरंगी' होऊन आलं. आजच्या वापरात फरक असा: 'फ्रँक' माणूस आपलं मत कोणाची भीड न ठेवता सांगतो, 'कँडिड' माणूस आपल्याकडची माहिती किंवा मनातली गोष्ट राखत नाही. पुष्कळ वाक्यांत दोन्ही चालतात. पण 'ही वॉज कँडिड अबाउट हिज इलनेस' यात 'कँडिड' जास्त शोभतो, कारण विषय स्वतःचा आणि नाजूक आहे.

'ब्लंट' म्हणजे बोथट शस्त्रानं हाणल्यासारखं बोलणं. त्यात समोरच्याची पर्वा नसते. मराठीत त्याला फटकळ म्हणू. स्वतःच्या फटकळपणाला 'आय ॲम जस्ट बीइंग कँडिड' असं नाव देण्याची सवय बरीच पसरली आहे, आणि ती मला खटकते. दुसऱ्याच्या रूपावर किंवा कामावर टोचून बोलण्यात आपण स्वतःचं काहीच उघडं करत नसतो.

'ओव्हर्ट'ही उघडेपणाचाच शब्द, फ्रेंच 'उघडा' या अर्थावरून आलेला. पण तो कृतीसाठी, भावनेसाठी, धोरणासाठी. उघड शत्रुत्व 'ओव्हर्ट' असतं, माणूस 'ओव्हर्ट' नसतो. 'ट्रान्सपरंट' व्यवहाराला आणि प्रक्रियेला लावतात. 'ओपन' सगळीकडे चालतो, आणि म्हणूनच नेमकं काही सांगायचं असेल तिथे कमी पडतो.

वाक्यात बसवताना

आता प्रत्यक्ष घडण. माणसासाठी 'विथ', विषयासाठी 'अबाउट': 'शी वॉज कँडिड विथ हर टीम अबाउट द डिले.' मराठीत आपण 'टीमला सांगितलं' म्हणतो, म्हणून 'कँडिड टु' लिहायचा मोह होतो. तो टाळा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्रियापदाला विशेषण जोडणं. 'आय विल टेल यू कँडिड' असं होत नाही. 'आय विल टेल यू कँडिडली' किंवा 'आय विल बी कँडिड विथ यू'. यातलं दुसरं जास्त सहज. 'इन कँडिड' अशीही रचना नाही. 'इन ऑल कँडर' आहे, पण ती जरा औपचारिक.

या विशेषणाची ठरलेली सोबतही असते. 'कँडिड इंटरव्ह्यू', 'कँडिड असेसमेंट', 'कँडिड कॉन्व्हर्सेशन', 'कँडिड अॅडमिशन' हे कानाला ओळखीचे. 'कँडिड ट्रूथ' मात्र बसत नाही, कारण सत्य स्वतः काही राखत नाही किंवा सांगत नाही. सांगणारा माणूस कँडिड, किंवा त्याचं बोलणं. तीव्रतेसाठी 'क्वाइट', 'रिमार्केबली', 'रिफ्रेशिंगली' लावा.

वाक्याच्या सुरुवातीला 'टु बी कँडिड' किंवा नुसतं 'कँडिडली' टाकता येतं. मात्र त्यानंतर खरोखर काही अवघड येणार असेल तरच. 'टु बी कँडिड, आय लाइक्ड युअर प्रेझेंटेशन' असं लिहिलं तर वाचणारा विचारात पडतो की यात लपवण्यासारखं काय होतं. आणि पानापानावर 'टु बी कँडिड' आलं तर उरलेली वाक्यं काय होती, असा प्रश्न त्याला पडणारच.

नकारात वापरलेला 'कँडिड'

नकारार्थी रूपात हा शब्द फार सभ्यपणे फार कडक बोलतो. 'ही वॉज लेस दॅन कँडिड' म्हणजे थोडा कमी मोकळा होता, असं नव्हे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्यानं लपवलं', प्रसंगी 'खोटं बोलला' असाच असतो. न्यायालयात, संसदेत, चौकशी अहवालात थेट खोटं म्हणता येत नाही तिथे ही रचना कामी येते. वाचताना ती हलक्यानं घेऊ नका, आणि कोणाबद्दल लिहायची झाली तर पुरावा हाताशी असू द्या.

राजनैतिक निवेदनांतला 'फ्रँक अँड कँडिड डिस्कशन्स' हाही असाच संकेत. दोन देशांची बोलणी अशी झाली असं छापून आलं की जाणकार वाचक समजतो: मतभेद झाले, आणि ते मिटलेले नाहीत.

कायद्यात मात्र 'कँडर' ही सरळसरळ जबाबदारी आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत 2014 पासून 'ड्यूटी ऑफ कँडर' कायद्यानं लागू आहे. एका रुग्णालयातल्या गंभीर हेळसांडीची रॉबर्ट फ्रान्सिस यांनी चौकशी केली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला आणि त्यातून हे घडलं. उपचारात रुग्णाला गंभीर इजा करणारी चूक झाली, तर रुग्णानं विचारायची वाट न पाहता संस्थेनं ती सांगायची आणि माफी मागायची. 'ऑनेस्टी'ऐवजी 'कँडर' हा शब्द इथे किती चपखल आहे पाहा: विचारल्यावर खरं सांगणं पुरेसं नाही, न विचारता सांगायचं आहे. अमेरिकी वकिलांच्या आदर्श आचारनियमांतही न्यायाधिकरणापुढच्या 'कँडर'वर स्वतंत्र नियम आहे.

फोटोतला 'कँडिड'

मराठीत हा शब्द सर्वांत जास्त रुळला तो फोटोंमुळे. इथे अर्थ वेगळा आहे: समोरच्यानं तयारी न करता, कॅमेऱ्याची जाणीव नसताना टिपलेला. हा वापर 1920 च्या दशकाच्या शेवटी बर्लिनच्या एरिक सालोमोन यांच्या कामामुळे रूढ झाला. कमी प्रकाशातही फ्लॅशशिवाय चालणारा 'एर्मानॉक्स' हा छोटा कॅमेरा घेऊन ते परिषदांत, मेजवान्यांत, न्यायालयांतही शिरायचे आणि बड्या मंडळींना जांभया देताना, वाद घालताना टिपायचे. लंडनच्या 'द ग्राफिक' साप्ताहिकानं या पद्धतीला 'कँडिड कॅमेरा' म्हटलं. 1931 च्या पॅरिसमधल्या त्यांच्या एका प्रसिद्ध फोटोत फ्रेंच नेते आरिस्तिद ब्रियाँ थेट त्यांच्याकडे बोट दाखवताना दिसतात: हा पाहा, आलाच! 1948 पासून अमेरिकेत ॲलन फंट यांचा 'कँडिड कॅमेरा' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि शब्द घराघरात गेला.

वापरताना एवढं पाहा की इथे 'कँडिड' हा फोटोचा गुण आहे, माणसाचा नाही. 'अ कँडिड फोटो' बरोबर. 'शी इज कँडिड इन धिस फोटो' म्हटलं तर ती फोटोत काहीतरी कबूल करते आहे असं वाटेल. 'कँडिड पोज' इंग्रजीत विसंगत आहे, कारण पोज घेतली की कँडिड संपलं. अनेकवचनी नाम म्हणून 'कँडिड्स' छायाचित्रकारांत सर्रास चालतं.

मराठीत आणताना

एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे ठोकू नका. कबुली असेल तर 'प्रांजळ' सर्वांत जवळचा: 'अ कँडिड अॅडमिशन' म्हणजे प्रांजळ कबुली. मुलाखत असेल तर 'मनमोकळी'. मूल्यमापन किंवा टीका असेल तर 'परखड', पण मूळ मजकुरात धार नसेल तर 'स्पष्ट'वर थांबा. 'टु बी कँडिड'ला 'खरं सांगायचं तर' पुरतं. दोन माणसांतलं बोलणं असेल तर 'आडपडदा न ठेवता'. फोटोला 'नकळत टिपलेला' म्हणता येईल, तरी तिथे 'कँडिड'च इतका रुळलाय की तसाच ठेवला तर वाचक अडत नाही. आणि 'द मिनिस्टर वॉज लेस दॅन कँडिड' आलं तर 'मंत्री फारसे स्पष्ट नव्हते' असं मिळमिळीत न लिहिता 'मंत्र्यांनी बरंच हातचं राखून सांगितलं' असं लिहा.